सगळं दिसणाऱ्या जैनबखाला

जैनबखालांना रस्त्यावरचं सगळं दिसायचं. सकाळचं आवरलं की त्या सुपात तांदूळ घेऊन ओट्यावर बसत आणि खडे वेचता वेचता आमच्या गल्लीचा सगळा कारभार पाहत. कोणाकडे पाहुणे उतरले, कोणाची सून माहेराहून तोंड पाडून परतली, कोणत्या कार्ट्यानं शाळेला दांडी मारली, सारं त्यांना ठाऊक. कोणी कानावर हात ठेवायला लागलं तर सूप खाली ठेवून त्या एकच वाक्य बोलत, "मले काई सांगू नको, म्या पाह्यलं." त्यापुढे बोलायची सोय नव्हती. एकदा मी शाळेतून येत होते, तर वीस पावलांवरून त्यांनी आवाज दिला, "मास्तरीणबाई, डावी चप्पल नवी घे वो! अंगठा किती वेळा शिवशीन?" चपलेचा टाका तिथून दिसला होता त्यांना. साठीला आलेली बाई, आणि सुईत दोरा ओवायला आजूबाजूच्या तरण्या सुना त्यांच्याकडे येत.

आम्ही बालाघाटला आलो ते राज्यांची वाटणी झाल्यानंतर दोनेक वर्षांनी. माझं माहेर कटंगीजवळच्या खेड्यातलं, यजमान जंगलखात्याच्या कचेरीत, मी प्राथमिक शाळेत. शाळेतले मराठी वर्ग तेव्हा एकेक करून हिंदीचे होत होते, त्यामुळे मीही हिंदीतून शिकवू लागले होते. घर मिळालं ते खालांच्या भिंतीला भिंत लावून, मागचं अंगण सामाईक. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "मराठी का? मंग आपलीच हायेस." त्यांचं माहेर तुमसरचं. बोलणं अर्धं आमच्याकडचं, अर्धं हिंदी. नवरा केव्हाच वारलेला. मुलगा युसूफ गोंदियाच्या बसवर कंडक्टर, तो चार दिवस घरी तर चार दिवस बाहेर. दुपारी मोहल्ल्यातल्या वीसेक मुली खालांकडे कुराण वाचायला शिकायला येत. त्यांच्या आईनंतर हे काम त्यांच्याकडे आलं होतं, वयाच्या अठराव्या वर्षी. म्हणजे मुलींच्या आयासुद्धा त्यांच्याच हाताखालून गेलेल्या. खालांनी डोळे वटारले की आई आणि मुलगी दोघी एकदम खाली बघत.

घरात आणखी एक माणूस होतं, ते मी आता सांगते आहे आणि तेव्हाही माझ्या ध्यानात ते असंच उशिरा आलं. खालांची धाकटी बहीण, अमीना. दहा वर्षांनी लहान, लग्न झालेलं नाही. स्वयंपाक, पाणी, धुणं तिच्याकडे. मुली तिला छोटी खाला, म्हणजे धाकटी मावशी, म्हणत, पण मागून नक्कल करत, कारण ती पाय चाचपत चाले आणि शिवताना कापड अगदी नाकाला लावी. "नाकानं शिवते माही बहीण," असं खाला तिच्यासमोरच म्हणत आणि आम्ही हसत असू. "तिच्या डोक्यात काई नाई. अलिफ, पयलं अक्षरसुद्धा शिकली नाई. अम्मीनं नाई मारलं तेवढं म्या मारलं, पण दगडावर पाणी." एकदा बाजारात मी समोरून तिला हात केला तर ती बघून न बघितल्यासारखी निघून गेली. मी घरी येऊन यजमानांना म्हटलं, "कसला बाई ताठा!" तेव्हापासून मीही तिच्याशी कामापुरतंच बोलायची.

एकदा युसूफनं नागपूरहून एक जाडजूड पुस्तक आणलं. कुराणाचा हिंदीतला अर्थ, नागरी अक्षरांत. त्यानं ते कौतुकानं आईपुढे ठेवलं आणि तिथेच घोटाळा झाला. खालांना अरबी अक्षरं वाचता येत, पण त्यांचा अर्थ येत नव्हता. हिंदी कळत होती, पण नागरी अक्षरं येत नव्हती. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं आणि मी खुळ्यासारखं विचारलं, "म्हणजे खाला, चाळीस वर्षं तुम्ही शिकवता ते काय आहे ते तुम्हाला माहीत नाही?" त्या जराही चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "कोणाले माईत हाये? अल्लाचा शब्द हाये एवढं माईत हाये, बस. आता तू वाच."

असा आमचा तो उद्योग सुरू झाला. मुली गेल्या की त्या लाकडी रेहलवर, म्हणजे पोथी ठेवायच्या त्या उघडमीट तिवईवर, कुराण उघडत, एक आयत, म्हणजे एक वचन, म्हणत, आणि तिचा नंबर पाहून मी माझ्या पुस्तकातून अर्थ वाचत असे. आधी मला हातपाय धुवायला लावत. "तुह्या धर्मात नसन, पण किताब तं किताब हाये." कुराणावर वाकायचं नाही, श्वास लागायचा नाही, थुंकीचा शिंतोडा उडायचा नाही, याबाबत फार कडक. पाठ ताठ, किताब हातभर दूर. अर्थ ऐकून त्या कधी "हौ, हे बरोबर हाये," अशी मान डोलवत, कधी "हे तं मी पोरीयले सांगतच असतो" म्हणत. एकदा एका आयतीत त्यांचा एक शब्द सुटला आणि स्वयंपाकघरातून कोणीतरी तो हळूच पुरवला. भांडी घासता घासता अमीनाबी बोलल्या होत्या. मी चकित होऊन पाहिलं. खाला म्हणाल्या, "ऐकून ऐकून पाठ झालं असन. वाचता कुठं येते?" आणि पुढे सरकल्या.

सतराव्या पाऱ्यात, म्हणजे कुराणाच्या तीस भागांतल्या सतराव्या भागात, एक आयत आली. अर्थ असा होता की, हे लोक पृथ्वीवर हिंडले नाहीत का, म्हणजे त्यांना समजणारी मनं आणि ऐकणारे कान मिळाले असते. कारण आंधळे होतात ते डोळे नव्हेत, छातीतली काळजं आंधळी होतात. मी वाचलं आणि खालांनी मांडीवर थाप मारली. "वाच, पुन्हा वाच!" मी तीनदा वाचलं. त्या इतक्या खूश झाल्या की अमीनाबींना चहा ठेवायला सांगितला. मग कपबशी हातात घेऊन कोणाकोणाची काळजं आंधळी आहेत याची त्यांनी यादीच सांगितली. युसूफची सासू पहिली. मग कोपऱ्यावरचा पीठगिरणीवाला. मग ती अमकी, जी आपल्या पोराच्या चोऱ्या झाकते. खोटं कशाला बोलू, मीही त्यात आमच्या हेडमास्तरांची भर घातली. मुलींनाही दुसऱ्या दिवसापासून हाच धडा. "डोये तं बकरीलेही असते. कायीज पाह्यते का, ते सांगा." मोठ्या रंगात सांगायच्या. हिंडण्याचं तेवढं त्यांना खटकलं होतं. मला म्हणाल्या, "मी कुठं हिंडली वो? तुमसर अन् बालाघाट. पण ओट्यावरून काय कमी दिसते?"

त्यानंतर वर्षभरानं आमच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं. बाहेरगावचे डॉक्टर आले होते आणि आम्हा मास्तर-मास्तरणींना नावं लिहायची ड्यूटी होती. मी खालांना म्हटलं, साठी उलटली, दाखवून घ्या. त्या आल्या, पण दाखवायला नव्हे, मिरवायला. सोबत छत्री धरायला अमीनाबी. निरक्षरांसाठी भिंतीवर एक तक्ता होता, त्यावरच्या खुणांचं तोंड कोणत्या बाजूला आहे ते हातानं दाखवायचं. खालांनी शेवटच्या ओळीपर्यंत फटाफट दाखवलं आणि वर कंपाउंडरला विचारलं, "बस, इतनाच?" त्यानं हसून "अगला" म्हटलं आणि शेजारी छत्री घेऊन उभ्या असलेल्या अमीनाबींनाच स्टुलावर बसवलं. त्यांना तपासायचं आहे असं कोणी ठरवलंच नव्हतं.

"सबसे ऊपर वाला किधर खुला है?"

"कहाँ?"

"दीवार पर देखो."

"कौनसी दीवार?"

रांगेतले लोक हसले. मीही, रजिस्टरवर मान घालून. खाला पुढे होऊन म्हणाल्या, "साहब, इसको रहने दो, बचपन से मंद है." डॉक्टर बाजूच्या टेबलावर होते, त्यांनी मान वर केली. उठून आले, अमीनाबींच्या नाकावर ती लोखंडी चौकट चढवली आणि एकेक भिंग घालून पाहू लागले. चार-पाच भिंगं बदलली. मग अमीनाबी बोट दाखवून म्हणाल्या, "वो छिपकली है क्या?" तक्त्याच्या वर, कौलाखाली खरंच पाल होती. आणि मग त्यांनी सबंध तक्ता दाखवला, वरून खाली, न चुकता.

"मंद नहीं है, अम्मा," डॉक्टर म्हणाले, "दूर का दिखता नहीं इसको. बचपन से ही होगा. एकदम नाक के पास लाए तो दिखता है. घर में किसी ने देखा नहीं?"

डॉक्टर उत्तरासाठी थांबले नाहीत, मागे दीडशे माणसं होती. मी नंबर लिहून घेतला. रिक्षानं परत येताना गल्लीत शिरल्यावर खालांनी दोन्ही बाजूंना कुठेही पाहिलं नाही. वर्गातल्या पन्नास मुलांत कोणाला फळा दिसत नाही हे मी दर जूनमध्ये तपासत असे. आणि ही बाई अंगणापलीकडे अकरा वर्षं कापड नाकाला लावून शिवत होती.

दुसऱ्या दिवशी सुपातले तांदूळ तसेच ठेवून खाला माझ्याकडे आल्या आणि खाली बसल्या. "तुले एक सांगतो," म्हणाल्या. अमीना आठ वर्षांची असताना त्या तिला शिकवायला बसल्या. ती किताबेत तोंड घाली, नाक पानाला टेकवी. बेअदबी म्हणून खाला तिला केसाला धरून मागं ओढीत. मागं ओढली की तिला काही वाचता येईना. पुन्हा पुढं वाकली की पुन्हा केस. "तीन वर्सं, मास्तरीणबाई! तीन वर्सं म्या तिचे केस ओढले. ते अक्षर पाहाले वाकत व्हती आणि मी तिले अदब शिकवून राह्यली व्हती." पुढे लांजीचं एक स्थळ आलं. मुलाच्या आईनं कुराणातल्या चार ओळी वाचून दाखवायला सांगितल्या. अमीनाला येईनात, स्थळ गेलं, आणि मग कोणी विचारलंच नाही. एवढं सांगून त्या पदर तोंडाला लावून रडल्या. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. "ते आयत माह्यासाठी व्हती वो. अन् मी ते गल्लीत वाटत बसली."

चष्मा तीन आठवड्यांनी आला. बाटलीच्या तळासारख्या जाड, गोल काचांचा, दोन्ही कानांना टोचणारा. अमीनाबींनी तो लावला आणि पहिल्यांदा बहिणीकडे पाहिलं. "आपा," त्या म्हणाल्या, "तू किती म्हातारी झाली गं!" मग अंगणात गेल्या आणि लिंबाकडे पाहत उभ्या राहिल्या, पानं सुटी सुटी दिसतात म्हणून सगळ्यांना सांगत. मला म्हणाल्या, "तुमी एवढ्या गोऱ्या हायेत हे माईत नव्हतं." मी गोरीबिरी काही नाही, पण त्या दिवशी मी ते तसंच घेतलं.

खालांनी लगेच रेहल मांडली, मुलींचा कायदा, म्हणजे अक्षरओळखीचं पुस्तक, उघडलं आणि म्हणाल्या, "ये, बस." त्यांच्या मनानं घेतलं होतं की आपण डोळे मिटायच्या आत हिला आपल्याच हाताखाली शिकून वाचता आलं पाहिजे, नाहीतर वर जाऊन काय तोंड दाखवायचं. अमीनाबी बसल्या नाहीत.

"मले तुह्याजवळ नाई शिकाचं."

"काहून?"

"आधी पोरीयसमोर सांग. त्याइच्या मायाही बलाव. सांग का मी मठ्ठ नव्हती. मंग शिकतो."

आवाज चढला नव्हता. कणीक मळता मळता बोलल्या. पण मी दारात उभी होते, खालांचा चेहरा मला दिसला. ज्या बाईच्या "म्या पाह्यलं" वर गल्लीतले तंटे मिटत, तिनं सगळ्या शागिर्दांसमोर, त्यांच्या आयांसमोर, मला दिसलं नाही म्हणायचं! दोन दिवसांनी त्या मला म्हणाल्या, "तू समजाव तिले. मी तुह्यासमोर कबूल करतो, तू साक्षी. एवढं पुरे नाई का?" मी म्हटलं, "खाला, तिला मठ्ठ एकट्या माझ्यासमोर म्हटलं होतं का?" झालं, माझ्याशी अबोला. सूप घेऊन ओट्यावर बसत, पण तोंड भिंतीकडे. मुलींना शिकवताना चुका होऊ लागल्या. जेवण कमी झालं. अमीनाबी ताट वाढून ठेवत आणि तसंच उचलून नेत. असे दहाबारा दिवस गेले.

एका गुरुवारी दुपारी पाहते तर खालांच्या दारात चपलांचा खच. मुली, त्यांच्या आया, दोन म्हाताऱ्या. मला बोलावणं आलं, पुस्तक घेऊन ये म्हणून. खालांनी ती आयत म्हटली, मला अर्थ वाचायला लावला. मग अमीनाबींना स्वयंपाकघरातून बोलावून शेजारी बसवलं आणि उभ्या राहिल्या.

"हे माही बहीण. मी तुमाले साऱ्यायले सांगत आली का हे मठ्ठ हाये. ते खोटं हाये. हिले दूरचं दिसत नव्हतं. पाहाले वाकली का मी हिचे केस ओढो. हे तक्रार करे, 'आपा, दिसत नाई', तं मी म्हणो बहाणा करते. हिनं सांगतलं व्हतं, बायांनो. म्या ऐकलं नाई. मठ्ठ हे नव्हती, आंधी मी व्हती." मग बहिणीकडे वळून, "अमीना, बस झालं का?"

अमीनाबींनी चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा लावला, आणि मान हलवली. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या सहा वर्षांच्या एका चिमुरडीनं विचारलं, "खाला, मंग तुमाले चष्मा काहून नाई देल्ला?"

तिच्या आईनं तिला चिमटा काढला. पण खाला खाली वाकून तिला म्हणाल्या, "माह्या रोगाचा चष्मा नाई भेटत, बेटा. त्याले दुसरा माणूस काय म्हणते ते ऐका लागते. थेच औषध हाये."

त्या संध्याकाळपासून दोघी बहिणी रेहलपाशी बसू लागल्या. अमीनाबींना सगळं कानानं पाठ होतंच, फक्त कोणता आवाज कोणत्या अक्षराचा एवढंच जुळवायचं होतं. चार महिन्यांत त्या सरळ वाचू लागल्या. खालांनी रेहलखाली एक लाकडी खोकं ठेवलं, म्हणजे कुराण मुलींच्या तोंडाशी आलं. नवी मुलगी आली की आधी तिला दूरची, मग जवळची अक्षरं विचारत. एका वयस्कर गृहस्थांनी दारात येऊन विचारलं, ही बेअदबी कशाला? खाला आतूनच म्हणाल्या, "अक्षर दिसलंच नाई तं पोरगी अदब कायचा करन, चाचा?" आणि दर नव्या मुलीला पहिल्या दिवशी त्या आपली गोष्ट सांगत, केस ओढल्याची, जशीच्या तशी. मला वाटे, आता पुरे. पण त्यांना पुरे वाटत नसे. गल्लीवरची नजर मात्र काही सुटली नव्हती. फक्त आता "म्या पाह्यलं" म्हणून झालं की समोरच्याला विचारत, "तुहं काय म्हणणं हाये?"

दीड वर्षांनी त्या गेल्या. छातीत दुखायला लागलं आणि तिसऱ्या दिवशी खेळ आटोपला. शेवटच्या दिवशी अमीनाबींना त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या: वर्ग बंद करू नको, आणि माझी गोष्ट पोरींना सांगत जा. मी तिथे होते. अमीनाबी उशाशी वाचत बसल्या होत्या, त्यांनी वाचणं थांबवून फक्त "हौ" म्हटलं. मला फार वाईट वाटलं. भांडायला, दटावायला, चपलेवर लक्ष ठेवायला आता कोण होतं?

त्यानंतर आमची छिंदवाड्याला बदली झाली. काही वर्षांनी एका लग्नाला बालाघाटला आले तेव्हा जुन्या गल्लीत गेले. वर्ग भरलेला होता. अमीनाबींचे केस पांढरे झाले होते, चष्मा आणखी जाड. रेहलखाली ते खोकं होतं. एक नवी मुलगी त्या दिवशीच आली होती. अमीनाबींनी तिला दूरचं विचारलं, जवळचं विचारलं, आणि सरळ अलिफवर बोट ठेवलं. मी वाट पाहत राहिले. वर्ग सुटल्यावर विचारलं, "छोटी खाला, ती गोष्ट सांगत नाही का तुम्ही? त्यांनी तर सांगून ठेवलं होतं."

"नाई सांगत," त्या म्हणाल्या. "ते सांगे तं तिचा पस्तावा व्हता. मी सांगन तं चुगली व्हईन. बहीण हाये माही."

त्यांचं बरोबर आहे. मी मात्र सांगते आहे. त्या शिबिराआधी अकरा वर्षं भिंतीला भिंत लावून राहिले, रोज अंगणात तिला पाहिलं, आणि मलाही ती दिसली नव्हती.